माशाच्या अंगावरचा चिकटा पुसू नका



द्राक्षबागेच्या शेततळ्यात तुम्ही रोहू, कटला, मृगळ सोडले असतील. मासा हातात धरला की बुळकन निसटतो. त्या चिकट्याला आपण घाण समजतो. खरे पाहता ते माशाचे चिलखत आहे, आणि तेही जिवंत.

गाई-म्हशीच्या कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा, कोरडा असतो. माशाची कातडी मात्र वरपर्यंत जिवंत आणि ओली. तळ्यात एरोमोनाससारखे जंतू बाराही महिने असतात. म्हणून कातडी सतत चिकटा पाझरते. जुना थर वाहून जातो, त्याबरोबर जंतूही जातात.

एवढ्यावरच भागत नाही. माशाच्या चिकट्यात आणि रक्तात काही प्रथिने आधीपासूनच तयार असतात. एक लायसोझाइम. ते जंतूच्या बाहेरच्या भिंतीचे सांधे तोडते. हेच अंड्याच्या पांढऱ्यात असते आणि आपल्या डोळ्यांतल्या पाण्यातही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते १९२२ साली जगापुढे मांडले. दुसरे ट्रान्सफेरिन. ते रक्तातले लोह धरून ठेवते. लोह मिळाले नाही की जंतूची वाढ खुंटते. उपाशी चोर, दुसरे काय! तिसरा कॉम्प्लिमेंट नावाचा प्रथिनांचा गट. त्यातले एक दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला, आणि शेवटी सगळे मिळून जंतूच्या अंगाला भोक पाडतात.

गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, कारण शरीर रोगाची ओळख ठेवते. माशातही ही शक्ती आहे, पण ती तयार व्हायला आठवडे लागतात आणि पाणी गार असले की आणखी उशीर होतो. आपल्या निफाड तालुक्याची थंडी तुम्हाला सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो. अशा दिवसांत माशाची सारी भिस्त या जन्मजात प्रथिनांवर.

माझीच चूक सांगतो. एका डिसेंबरात वाढ पाहायला म्हणून मी सकाळीच जाळे ओढायला लावले, मासे कोरड्या गोणपाटावर टाकले आणि कोरड्या हातांनी मोजले. पंधरवड्यात अंगावर लाल चट्टे आले, काहींची पोटे फुगली, शेपट्या कुजल्या. मालक मला काही बोलला नाही, याचेच जास्त वाईट वाटले.

तेव्हा कडक थंडीत विनाकारण जाळे ओढू नका. मासा धरायचाच तर हात, जाळे, टोपली सगळे ओले करून घ्या. दाटी करू नका; दाटीने, हाताळणीने मासा भेदरला की त्याची ही ताकद खचते. खाद्य ऊन चढल्यावर आणि खातील तेवढेच टाका. शिल्लक पेंड कुजून पाणी बिघडते. नवी बोटुकली सोडण्यापूर्वी १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात मिनिटभर बुडवा. मासा कलंडू लागला तर लगेच काढा.

आपल्या भागात आणखी एक धोका आहे, तो म्हणजे बोर्डो मिश्रण. त्यातले तांबे माशाच्या कल्ल्यांना आणि कातडीला इजा करते. फवारणीचा पंप तळ्यात किंवा तळ्याकाठी धुऊ नका.

बियाण्याचाही विचार करा. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९२ पासून निवड पद्धतीने वाढवलेला 'जयंती रोहू' जलद वाढतो. एरोमोनासपुढे टिकणारा रोहू निवडण्याचे कामही तिथे झाले आहे. बीज घेताना कोणत्या केंद्रातले, कोणत्या वाणाचे, ते विचारून घ्या.

चट्टे दिसलेच तर दुकानातून प्रतिजैविक आणून तळ्यात ओतू नका. मेलेले मासे काढून दूर पुरा, खाद्य थांबवा, शक्य असेल तर थोडे पाणी बदला. मग एक आजारी पण जिवंत मासा आणि बाटलीभर पाणी घेऊन जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. मेलेला मासा नेऊ नका. तो तासाभरात नासतो आणि त्यावरून काहीच कळत नाही.