विहीर कुठे खणायची, हाच धडा

पाथर्डी तालुका पर्जन्यछायेतला. इथे विहिरीची जागा चुकली, की शेतकऱ्याने काढलेलं कर्ज खडकात जातं. असा प्रश्न वर्गात आणला तर विज्ञान किती पक्कं शिकता येतं, हे पुणे जिल्ह्यातल्या पाबळने दाखवलं आहे.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. गावाला लागणारी कामं मुलांनी करायची आणि ती करता करता शिकायचं, ही तिथली रीत. भूजल शोधण्याचं काम त्यातलंच. शेतात एका ओळीत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळयांमधला विद्युतदाब मोजायचा. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं, की अधिक खोल थरांचा अंदाज येतो. पाणी धरलेला भेगाळ खडक कोरड्या कातळापेक्षा विजेला कमी रोध करतो. ओहमचा नियम मग परीक्षेपुरता उरत नाही, कारण बांधावर उत्तराची वाट पाहणारा शेतकरी उभा असतो.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, आली. प्रश्न गावाचे, तंत्राची मदत बाहेरची. शाळांचं परदेशी सहकार्य असंच हवं. व्हिडिओ कॉलवर सणांची ओळख करून देणं पुरेसं नाही. पाथर्डीतल्या मुलांनी गावच्या विहिरींची पातळी मोजावी, स्पेनच्या कोरड्या भागातल्या मुलांनी तिथली. आकडे एकमेकांकडून तपासून घ्यावेत आणि अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा. पहिलं मोजमाप मे महिन्यात, पाणी तळाला गेलेलं असताना घ्यावं.