मुसके घातलेला ग्रेहाउंड चावरा असतो काय?

शर्यतींतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या ऑस्ट्रेलियातील संस्था पशुमेळ्यांत आणि बाजारांत प्रचाराचे छोटे मांडव घालतात, आणि असा कुत्रा ज्यांनी आधीच पाळलेला आहे ते मालक त्याला घेऊन स्वयंसेवक म्हणून तेथे काही तास उभे राहतात. लोकांनी कुत्र्याला जवळून पाहावे, हात लावावा आणि मनातले प्रश्न विचारावेत, एवढाच त्यामागील हेतू असतो. परंतु त्यांतील एखाद्या कुत्र्याच्या तोंडाला मुसके दिसले, की मुलांना मागे ओढले जाते आणि हा चावरा आहे असा निकाल प्रश्न विचारण्याआधीच दिला जातो. हा गैरसमज इतक्यांदा खोडून काढावा लागतो, की स्वयंसेवकांचा बराचसा वेळ त्यातच खर्ची पडतो, आणि ज्या कुत्र्याला घर मिळू शकले असते तो तसाच मागे राहतो.

मुसक्याचा उगम शर्यतीच्या मैदानात आहे. ऑस्ट्रेलियात साधारणपणे आठ आणि ब्रिटनमध्ये सहा कुत्रे एका यांत्रिक आमिषामागे एकाच वेळी धावतात, आणि त्या आवेशात ते एकमेकांना दात लावू नयेत म्हणून, तसेच अंतिम रेषेवरील छायाचित्रात कोणाचे नाक पुढे होते हे स्पष्ट दिसावे म्हणून, प्रत्येकाला हलके, जाळीदार मुसके घातले जाते. त्यातून कुत्र्याला धापा टाकता येतात आणि पाणीही पिता येते. निवृत्तीनंतरही अनेक ग्रेहाउंड एकत्र मोकळे सोडताना जाणकार मालक मुसके घालतात, कारण या जातीची त्वचा पातळ, केस आखूड आणि त्वचेखालची चरबी अत्यल्प असल्यामुळे खेळातल्या साध्या चाव्यानेही टाके घालण्याची वेळ येऊ शकते. कोळपणीच्या वेळी बैलाने पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याला मुसके घालतात आणि त्यावरून बैल चावतो असा अर्थ महाराष्ट्रातील कोणताही शेतकरी काढत नाही. मुसके कशासाठी आहे हे कामावरून ठरते, प्राण्याच्या स्वभावावरून नव्हे, ही साधी गोष्ट कुत्र्याच्या बाबतीत मात्र विसरली जाते.

या गैरसमजाला कायद्यानेही खतपाणी घातले, हे मान्य केले पाहिजे. व्हिक्टोरिया राज्यात सार्वजनिक ठिकाणी पाळीव ग्रेहाउंडला मुसके घालण्याची सक्ती होती, आणि दत्तक कार्यक्रमाच्या स्वभावचाचणीत उत्तीर्ण होऊन हिरवा पट्टा मिळवलेल्या कुत्र्यालाच तीतून सूट मिळत असे. ही सक्ती एखाद्या कुत्र्याने कोणाला चावल्यामुळे नव्हे, तर केवळ जात पाहून लावलेली होती. ग्रेहाउंड ही जात इतर जातींपेक्षा अधिक धोकादायक असल्याचा पुरावा नाही, ही आरएसपीसीए ऑस्ट्रेलिया या प्राणिकल्याण संस्थेची जाहीर भूमिका आहे. व्हिक्टोरियाने 1 जानेवारी 2019 पासून आणि न्यू साउथ वेल्सने त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून पाळीव ग्रेहाउंडवरील ही सक्ती उठवली. तरीही मुसके पाहून होणारी कुजबुज थांबलेली नाही.

याचा अर्थ सगळेच निर्धास्त आहे असा नव्हे. ग्रेहाउंड हा, मुधोळ किंवा कारवान कुत्र्याप्रमाणेच, वासापेक्षा नजरेने शिकार हेरणारा कुत्रा आहे, आणि पळणारे मांजर, ससा किंवा लहान केसाळ कुत्रा दिसताच काहींच्या अंगातील पाठलागाची प्रेरणा उसळून येते. ही प्रेरणा आणि माणसावरचा राग या दोन भिन्न गोष्टी आहेत, परंतु तिच्यामुळेच मांडवाजवळ कुत्र्याची दोरी क्षणभरही सोडायची नसते. ताशी 60 किलोमीटरहून अधिक वेग गाठणारा कुत्रा पाठलागात असताना हाकेने परत येईल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. शिवाय त्याचे डोके मानेपेक्षा अरुंद असल्याने साधा पट्टा मागे सरकून सहज निघतो, म्हणून ओढ बसल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा वापरतात.

याच्या नेमका उलट असलेला दुसरा गैरसमज अधिक काळजी वाटावी असा आहे, कारण तो कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांचाच असतो: गर्दीत पुतळ्यासारखा उभा असलेला ग्रेहाउंड शांत आणि खूश आहे, असे ते धरून चालतात. पुष्कळदा हे गोठून जाणे भीतीचे लक्षण असते, आणि शेपूट पोटाखाली ओढलेली असणे, वारंवार ओठ चाटणे, झोप नसताना जांभया देणे ही त्याच्या जोडीला दिसणारी चिन्हे ओळखता न येणाऱ्या मालकाने त्याला मांडवात आणूच नये. ज्याला अनोळखी माणसे मनापासून आवडतात, जो आपणहून त्यांच्या पायांना रेलून उभा राहतो, तोच या कामाला योग्य. आणि त्यालाही सावली, पाणी, अंथरूण व गर्दीपासून दूर जाण्याची वाट हवीच.

इतर समजुतींना फार जागा देण्याचे कारण नाही. बरगड्या किंचित दिसणे हे उपासमारीचे चिन्ह नसून या जातीची निरोगी ठेवण आहे. त्याला दिवसभर पळायला मोठे मैदान लागते, हेही खोटे. तो अल्प अंतराचा धावपटू आहे, सुमारे 500 मीटरची शर्यत अर्ध्या मिनिटात संपते, आणि पाळलेल्या ग्रेहाउंडला दिवसातून एकदोन फेरफटके पुरतात, उरलेला बहुतेक वेळ तो झोपतो. सांगूनही तो बसत नाही म्हणून त्याला मंदबुद्धी ठरवणेही चुकीचे आहे, कारण मांड्यांच्या भरदार स्नायूंमुळे अनेकांना ती बैठक अवघडच जाते.

मांडवातही तो बहुधा अंथरुणावर पाय पसरून झोपी जातो, आणि काही ग्रेहाउंड डोळे अर्धवट उघडे ठेवूनच झोपत असल्यामुळे पाहणाऱ्याला तो जागा वाटतो. अशा वेळी अचानक हात लागल्यास तो दचकून गुरगुरू शकतो, म्हणून मुलांना पुढे येऊ देण्याआधी स्वयंसेवकाने त्याला नावाने हाक मारून उठवायचे असते.