कारखान्यातला ‘फाइव्ह एस’ आणि घरातला ‘दसरा’

पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत मोटारींचे कॅमशाफ्ट घडविणाऱ्या कारखान्यापासून अमाइन्ससारखी रसायने तयार करणाऱ्या प्रकल्पापर्यंत नाना प्रकारचे उद्योग आहेत. आजच्या संघटित उद्योगात काम करणाऱ्याला ‘फाइव्ह एस’ हा शब्द नवा नाही. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके या पाच जपानी शब्दांची ही आद्याक्षरे. नको ते वेगळे काढणे, हवे ते जागच्या जागी मांडणे, स्वच्छता, तिचे ठरलेले नियम आणि ते नियम अंगवळणी पाडणारी शिस्त, असा त्यांचा आशय. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांत आकाराला आलेली ही पद्धत टोयोटाच्या उत्पादनपद्धतीबरोबर जगभर पोहोचली.

गंमत अशी, की पाळीवर असताना पाना त्याच्या रंगवलेल्या आकृतीवरच टांगणारा कामगार घरी आल्यावर विजेच्या बिलासाठी अर्धा तास कपाट उपसतो. कारखान्यातील शिस्त फाटकाबाहेर येत नाही, यात दोष त्याचा नाही. कारखान्यात प्रत्येक वस्तूसाठी जागा आखलेली असते. दोन खोल्यांच्या घरात मात्र माणसांनाच जागा पुरत नाही, तेथे वस्तूंची काय कथा!

घर आवरण्याची आपली स्वतःची परंपराही आहे. सोलापूर आणि मराठवाड्यात तिला ‘दसरा काढणे’ म्हणतात. घटस्थापनेपूर्वी, बहुधा पितृपक्षाच्या दिवसांत, घरातील वाकळा, गोधड्या, चादरी, पडदे सारे बाहेर निघते. गाठोडी बांधून नदीवर, तलावावर किंवा विहिरीवर नेली जातात. फळीवरची पितळी भांडी चिंचेने लख्ख होतात, जाळ्याजळमटे निघतात, डबे उन्हात पालथे पडतात. एवढी कसून स्वच्छता वर्षातून एकदा घडवून आणणारी दुसरी प्रथा शोधून सापडणार नाही.

पण तिच्यात एक उणीव आहे. जे जेथून निघाले, ते धुऊन-पुसून तेथेच परत जाते. ‘फाइव्ह एस’च्या भाषेत सांगायचे तर तिसरी पायरी उत्तम पार पडते, पहिली मात्र राहूनच जाते. सोलापुरात तर चादर आणि टॉवेल हा आहेराचा हुकमी प्रकार. भौगोलिक मानांकन लाभलेली ही चादर टिकायलाही भक्कम. त्यामुळे लग्ने, बारशी, वास्तुशांती यांतून आलेल्या चादरींच्या घड्या दिवाणाच्या पोटात थरावर थर साचत जातात. दरवर्षी त्या बाहेर येतात, ऊन खातात आणि परत आत जातात.

येथे कारखान्यातील लाल चिठ्ठीची युक्ती उपयोगी पडते. एखादी वस्तू लागेल की नाही याबद्दल शंका असेल, तर तिला लाल चिठ्ठी लावून ती वेगळ्या जागी ठेवतात आणि चिठ्ठीवर तारीख घालतात. ठरलेल्या मुदतीत कोणी ती मागितली नाही, तर तिची रवानगी होते. घरात यासाठी एक खोके पुरते. यंदाच्या दसऱ्याला त्यात गेलेली वस्तू पुढच्या दसऱ्यापर्यंत कोणाला आठवली नाही, तर ‘लागेल कधीतरी’ या सबबीचा निकाल आपोआप लागतो. जुने कपडे बोहारणीला आणि लोखंड-प्लास्टिक भंगारवाल्याला द्यावे. कोऱ्या चादरींना मात्र गावाकडची नातलग मंडळी आनंदाने घर देतील.

जपानच्याच मारी कोन्डो यांनी अलीकडे पसारा आवरण्याला जागतिक प्रसिद्धी मिळवून दिली. वस्तू हातात घ्यावी, तिने मन आनंदत असेल तर ठेवावी, नाहीतर निरोप द्यावा, हे त्यांचे सूत्र. तिसऱ्या अपत्यानंतर आपले घरही पूर्वीसारखे नीटनेटके राहत नाही, अशी कबुली त्यांनी 2023 मध्ये दिली, ही गोष्ट अनेक गृहिणींना दिलासा देऊन गेली असेल. पण या सूत्राची मर्यादा वेगळीच आहे. उद्या गरज पडल्यास वस्तू पुन्हा विकत घेता येईल, हे त्यात गृहीत धरलेले आहे. ज्याच्या पगाराचा भरवसा कंत्राटाच्या मुदतीपुरता, त्याच्यासाठी जुनी सतरंजी किंवा जास्तीचे पातेले हा पसारा नसून विमा असतो.

सोलापूरच्या घरातील पाण्याची पिंपे, घागरी आणि टाक्या पाहून बाहेरचा पाहुणा नाक मुरडेल. परंतु ज्या शहराने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळावर संसार केला, तेथे रिकामी घागरही अडगळ ठरत नाही. वर्षाची ज्वारी भरलेली कोठीही तशीच. अशा साठ्याला हात लावण्यापेक्षा त्याची मांडणी सुधारणे शहाणपणाचे. पिंपांना घट्ट झाकणे हवीत आणि आठवड्यातून एक दिवस ती घासून कोरडी करायला हवीत. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

काही वस्तू मात्र घरात नकोतच. रसायनांची रिकामी निळी पिंपे स्वस्तात मिळतात, मजबूतही असतात. कितीही धुतली तरी प्लास्टिकने शोषलेले रसायन पुरते जात नाही. घातक रसायनांनी दूषित झालेली पिंपे 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यातच मोडतात. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा धान्यासाठी ती कदापि वापरू नयेत. रासायनिक कारखान्यातून आलेला गणवेश आणि बूट यांनाही घरात शिरताच एक स्वतंत्र खुंटी, एक स्वतंत्र कोपरा हवा. तो गणवेश लेकरांच्या कपड्यांबरोबर भिजत घालू नये.

आवरण्याचा आणखी एक हेतू सौंदर्याशी निगडित नाही. 18 मे 2025 रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. मालकाचे कुटुंब व कामगार त्याच इमारतीत राहत होते. घर आणि कारखाना एकाच छताखाली ठेवणे ही या शहराच्या विणकर वस्त्यांची जुनी रीत. अशा घरात सूत, कापड, चिंध्या, विड्यांची पाने यांची थप्पी कोठे लागते, हा प्रश्न जिवाचा आहे. दारापासून जिन्यापर्यंतची वाट, विजेच्या मीटरची भिंत आणि गॅसच्या शेगडीभोवतीची जागा या तीन ठिकाणी एक पोतेही असता कामा नये. कपाटाला मुहूर्त लाभेल तेव्हा लाभो, या तीन जागा आजच मोकळ्या कराव्यात.

राहिला माळा. तेथील वस्तू बहुधा घरातील वडीलधाऱ्यांच्या असतात आणि नेमका त्यांच्या गैरहजेरीत माळा उपसण्याचा मोह तरुण मंडळींना होतो. सासूबाईंचे पितळी घंगाळ मोडीत घालायचे, की नातवंडाच्या पहिल्या न्हाणासाठी ठेवायचे, हे त्यांनाच विचारावे. कधी कधी त्या स्वतःच म्हणतात, ‘दे गं देऊन, किती दिवस सांभाळायचं!’