मुरणारे पाणी : जुन्या शर्यती मोटारींच्या एंजिनांची वंशपरंपरा व त्यांतील शीतलकाची गळती

पुण्याहून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या मार्गावर, शिरूर तालुक्यात, पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरांवर कारेगाव हे गाव लागते. अष्टविनायकांपैकी एक असलेल्या रांजणगावच्या महागणपतीचे स्थान येथून जवळच आहे. परंतु गेल्या काही दशकांत ह्या परिसराची ओळख देवस्थानाइतकीच रांजणगाव औद्योगिक वसाहतीमुळे होऊ लागली आहे. ह्या वसाहतीत फियाट व टाटा मोटर्स यांच्या भागीदारीतील मोटारींचा व एंजिनांचा कारखाना आहे. २०१५ साली ‘अबार्थ पुंतो’ ही १४५ अश्वशक्तीची, विंचवाचे चिन्ह मिरवणारी छोटी वेगवान मोटार भारतीय बाजारात आली, ती ह्याच कारखान्यातून. शिरूरच्या बाजरी-ज्वारीच्या शिवारात इटलीतील शर्यतींचा विंचू कसा येऊन पोहोचला, ह्याचा मागोवा घेऊ लागल्यास एका जुन्या एंजिनाचा इतिहास हाती लागतो. त्या इतिहासाचा एक मोठा भाग मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या बॉनेटखाली, पाणी गाळीत, अगदी अलीकडेपर्यंत जिवंत होता.

१९३७ साली तुरीन येथील फियाट कंपनीने ‘५०८ सी’ ह्या मोटारीसाठी १०८९ घनसेंटिमीटरांचे एक एंजिन काढले. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर, ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आणि झडपा हेडमध्ये बसविलेल्या, अशी त्याची रचना होती. सामान्य कुटुंबाच्या मोटारीसाठी केलेले हे एंजिन अवघ्या ३२ अश्वशक्तीचे असले, तरी त्याची घडण इतकी दमदार होती की शर्यतीच्या नादी लागलेल्या कारागिरांना त्यातून पुष्कळ अधिक शक्ती काढता येई. १९४० साली एन्झो फेरारी यांनी जी आपली पहिली मोटार उभी केली, तिच्या आठ सिलिंडरांच्या एंजिनासाठी अॅल्युमिनियमचा ब्लॉक नव्याने ओतून घेण्यात आला. हेडे मात्र फियाट ११०० चीच, एकापुढे एक अशी दोन जोडलेली होती. अल्फा रोमिओ कंपनीशी झालेल्या करारामुळे त्या मोटारीस फेरारी हे नाव देता आले नाही; तिला ‘८१५’ एवढेच म्हणत. अशा दोनच मोटारी झाल्या आणि त्यांपैकी एक आज शिल्लक आहे.

महायुद्धानंतर तुरीनचे पिएरो दुसिओ यांनी ‘चिझितालिया’ ह्या नावाने शर्यती मोटारी काढल्या, त्यांचाही आधार हेच १०८९ घनसेंटिमीटरांचे एंजिन होते. १९४६ च्या ‘डी ४६’ ह्या मोटारीचा आराखडा फियाटचे अभियंते दान्ते जाकोझा यांनी केला. १९४७ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत ताझिओ नुव्होलारी यांनी चिझितालिया चालवून मुसळधार पावसात दुसरा क्रमांक पटकावला. पिनिनफारिनाने घडविलेली ‘२०२’ ही त्याच घराण्यातील मोटार १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात प्रदर्शित झाली. चिझितालियाच्या शर्यत-विभागात कार्लो अबार्थ हे गृहस्थ होते. ती कंपनी आर्थिक संकटात सापडल्यावर त्यांनी १९४९ साली स्वतःचा उद्योग काढला आणि विंचू हे त्याचे चिन्ह ठेवले. रांजणगावच्या पुंतोवरील विंचू तो हाच होय.

येथे एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. भाषेच्या अभ्यासात समान दिसणारे दोन शब्द एकाच मुळापासून आलेले असतीलच असे नाही. एखादे वेळी नाव उसने घेतलेले असते. एंजिनांचेही तसेच आहे. अबार्थ पुंतोचे १३६८ घनसेंटिमीटरांचे एंजिन हे १९८५ साली फियाटने काढलेल्या ‘फायर’ कुळातील आहे. १९३७ च्या एंजिनाशी त्याचा रक्ताचा संबंध नाही. त्याच्याकडे वारशाने आले ते घराण्याचे नाव व चिन्ह. याच्या उलट, ज्या मोटारीला शर्यतीचे कोणतेही नाव नव्हते, त्या मुंबईच्या टॅक्सीत मूळ वंश थेट उतरलेला होता.

वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातून १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० मोटारी बांधल्या. १९६४ सालापासून ‘११०० डिलाइट’ ह्या नावाने निघालेली मोटार १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इटलीत ११०० डी ह्या मोटारीस १२२१ घनसेंटिमीटरांचे एंजिन दिले गेले; भारतात मात्र १०८९ चे एंजिनच राहिले. परिणामी व्यास ६८ व धाव ७५ हे माप, जे इटलीत संग्राहकांच्या कौतुकाचा विषय झाले होते, ते महाराष्ट्रात सामान्य मिस्त्रीच्या हाताखालून रोज जात होते. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीस २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ह्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत, त्या खाजगी मालकांच्या हौसेवर उरल्या आहेत. आणि अशा जुन्या एंजिनाचा घात जितका वेगाने होत नाही, तितका पाण्याने होतो.

एंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णता शीतलकावाटे बाहेर टाकावी लागते. ब्लॉक व हेड यांतील पोकळ्यांतून पाणी खेळते, तापते, रेडिएटरमध्ये निवते व पंपाच्या साह्याने पुन्हा एंजिनात परतते. उघड्या भांड्यातील पाणी समुद्रसपाटीस १०० अंश सेल्सियसला उकळते. खंडाळ्यास, सुमारे ६०० मीटर उंचीवर, ते ९८ अंशांनाच उकळते. बोरघाट चढून आलेल्या मोटारी बॉनेट उघडून उभ्या असत, त्यामागे चढाचा भार हे मुख्य कारण असले तरी उंचीचाही थोडा हात असे. रेडिएटरचे झाकण केवळ झाकण नसून दाब राखणारी झडप असते. आत वातावरणाहून अर्ध्या वातावरणाइतका अधिक दाब राहिला, तर पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. एथिलीन ग्लायकोल निम्म्याने मिसळल्यास उकळबिंदू आणखी चढतो. शिवाय गंज रोखणारी द्रव्येही त्यासोबत एंजिनात जातात. म्हणून दहा-वीस वर्षांची जीर्ण रबरी गादी असलेले झाकण ही बारीकशी वस्तू साऱ्या व्यवस्थेचा कणा मोडू शकते. कोठेही भोक नसताना पाणी उकळून झाकणावाटे निघून जाते व मालक गळती शोधीत बसतो.

गळतीचा शोध घेताना मराठी भाषेने करून ठेवलेले भेद फार उपयोगी पडतात. पाणी गळते, ठिबकते, पाझरते, झिरपते आणि मुरते. बोलण्यात हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात; एंजिनापाशी मात्र त्यांतील प्रत्येकाचा रोख निराळ्या ठिकाणाकडे वळतो. फाटलेल्या रबरी नळीतून पाणी सरळ गळते. त्यात निदानाचा प्रश्नच नाही. पंपाखाली ते ठिबकते. पंपाच्या सीलच्या व बेअरिंगच्या मधोमध एक लहान छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तेथून बाहेर पडते. हे छिद्र म्हणजे दोष नसून इशारा आहे. ते बुजवून टाकणे हा शुद्ध आत्मघात होय. सेकंदास एक थेंब म्हणजे काहीच नव्हे असे वाटते. पण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर तासाला १८० मिलिलिटर पाणी जाते. पुणे-मुंबई प्रवासात अर्धा लिटर पाणी कोठे गेले, त्याचे उत्तर ह्या हिशेबात आहे.

पितळ-तांब्याच्या जुन्या रेडिएटरचे डाक सुटू लागले म्हणजे पाणी पाझरते. थेंब दिसत नाही. वाळलेल्या क्षारांची पांढरट वा हिरवट रेघ तेवढी दिसते. ब्लॉकच्या बाजूस असणाऱ्या पत्र्याच्या बुचांचीही हीच गत होते. ओतकामाच्या वेळी आतील वाळू काढण्यासाठी ठेवलेली भोके ह्या बुचांनी बंद केलेली असतात. ती आतून गंजतात, त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणारे बूच बोटाच्या दाबानेही फुटू शकते.

शेवटची व सर्वांत घातक गळती म्हणजे मुरणारे पाणी. ‘कोठेतरी पाणी मुरते आहे’ हा वाक्प्रचार मराठी माणूस माणसांच्या व्यवहाराविषयी वापरतो. एंजिनाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरतो. जमिनीवर एकही थेंब नाही, नळ्या कोरड्या आहेत, आणि तरीही रेडिएटर दर आठवड्यास रिता होतो. अशा वेळी हेड व ब्लॉक यांमधील गॅसकेटवर संशय घ्यावा. बीड व अॅल्युमिनियम ह्या दोन धातूंचे प्रसरण सारखे नसते. ४० सेंटिमीटर लांबीचे हेड ८० अंशांनी तापले, तर ते सुमारे पाऊण मिलिमीटर वाढते. तेवढ्याच लांबीचा बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्म्यानेच वाढतो. प्रत्येक तापण्या-निवण्यात गॅसकेट ह्या दोहोंच्या ओढाताणीत सापडते. एंजिन एकदा जरी बेताबाहेर तापले, तरी हेड वाकते आणि तेथून पाणी सिलिंडरमध्ये वा तेलात वाट काढते. तेल दुधाळ चहासारखे दिसणे, एंजिन तापल्यावरही धुराड्यातून पांढरी वाफ येत राहणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे उठणे, ही त्याची लक्षणे होत.

ह्याच दोन धातूंच्या शेजारामुळे दुसरेही एक संकट ओढवते. क्षारयुक्त पाण्यात बीड व अॅल्युमिनियम एकत्र राहिले म्हणजे विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते व तीत अॅल्युमिनियमचा क्षय होतो. विहिरीचे वा कूपनलिकेचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय ग्रामीण भागात सर्वत्र आहे; ती बैलगाडीच्या वंगणाइतकी निरुपद्रवी नाही. अशा पाण्याने हेडमधील जलमार्गांच्या कडा कुरतडल्या जातात, आणि मग नवे गॅसकेट घातले तरी ते टेकण्यास सपाट जागाच उरत नाही. रेडिएटरमध्ये हळदीची पूड टाकून गळती थांबविण्याचा उपायही परंपरेने चालत आला आहे. भर रस्त्यात मुक्काम गाठण्यापुरता तो क्षम्य मानता येईल. परंतु जी पूड भोक बुजविते, तीच रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजविते. घरी पोहोचल्यावर सारी व्यवस्था धुऊन काढली नाही, तर आजची गळती उद्याच्या तापण्यात रूपांतरित होते.

तपासणीचा योग्य क्रम साधा आहे. प्रथम एंजिन पूर्ण निवू द्यावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे दाबाखालचे उकळते पाणी अंगावर घेणे होय. नंतर झाकणाची परीक्षा करावी, मग हातपंपाने व्यवस्थेत ठराविक दाब भरून तो टिकतो की उतरतो हे पाहावे. दाब उतरूनही बाहेर ओल दिसली नाही, तर पाणी आत मुरते आहे असे समजून स्पार्क प्लग काढून पाहावेत. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जाते, त्याचा प्लग पुष्कळदा इतरांहून धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. बदललेले शीतलक अंगणात ओतू नये. ग्लायकोल चवीला गोडसर पण विषारी असते. कुत्री व गुरे ते चाटतात व दगावतात.

ह्या साऱ्या खटाटोपाची आवश्यकता काय, असा प्रश्न कोणी करील. वाकलेले हेड टाकून दुसरे कोणतेही नवे एंजिन बसविणे पुष्कळदा अधिक सोपे पडते, आणि पद्मिनीच्या अनेक मालकांनी तसे केलेही आहे. मोटार त्यामुळे चालू राहते. वंश मात्र तेथे संपतो. आकार, रंग व नाव तेच राहून आतील मूळ निघून जाते. इटलीत ह्या एंजिनाची आठवण संग्रहालयांतून व जुन्या मोटारींच्या शर्यतींतून जपली जाते. महाराष्ट्रात ती दगड-मातीच्या गॅरेजांतील मिस्त्रींच्या हातांत होती. हेड कोणत्या क्रमाने आवळावे, बुचाचा गंज कोणत्या आवाजावरून ओळखावा, हे ज्ञान त्यांच्यापाशी होते; आणि पद्मिनी टॅक्सी गेल्यावर ते शिकण्यास नवा शागीर्द उरला नाही.

कारेगावच्या शेजारी आज यंत्रमानवांच्या साह्याने एंजिने जुळविली जातात. त्यांतील पाण्याचे तापमान यंत्र स्वतःच मोजते व चालकास सूचना देते. जुन्या १०८९ च्या एंजिनास अशी वाचा नव्हती. त्याचे दुखणे थेंबावरून, रेघेवरून व वासावरून ओळखावे लागे. ज्यांना ती भाषा येते अशी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून ती नोंदवून घेणे, आणि जे ब्लॉक व हेड अद्याप शाबूत आहेत त्यांत स्वच्छ पाणी व योग्य शीतलक घालीत राहणे, एवढे केले तरी फेरारींच्या पहिल्या मोटारीशी नाते सांगणारे हे एंजिन महाराष्ट्रात आणखी काही पिढ्या फिरत राहील.