घास उतरण्याचे शास्त्र

नेकनूरसारख्या बाजाराच्या गावी एखाद्या गृहस्थाच्या ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे आप्तेष्ट धावून येतात, आणि त्यांतील कोणी वडीलधारी बाई, गाडीची तजवीज होईपर्यंत, त्याच्या वाकड्या झालेल्या मुखाला कनवाळूपणाने पाण्याचा पेला लावते. याहून धोक्याची शुश्रूषा दुसरी नाही. पक्षाघातानंतर सुमारे निम्म्या रुग्णांची गिळण्याची क्रिया बिघडते, आणि नितळ पाणी हाच पदार्थ त्यांना आवरण्यास सर्वांत अवघड जातो.

श्वासाची वाट आणि अन्नाची वाट घशात एकमेकींना छेदतात, जसे मांजरसुंब्याच्या चौफुल्यावर दोन हमरस्ते. घास मागे सरकताच मृदुतालू नाकाची वाट अडवतो, स्वरयंत्र वर उचलले जाऊन श्वासनलिकेचे तोंड मिटते, आणि त्याच वेळी अन्ननलिकेचे द्वार उघडते. हा सारा बंदोबस्त जेमतेम एका सेकंदात पार पडतो. दुर्बल झालेल्या स्नायूंना ही त्वरा साधत नाही, म्हणून वेगाने धावणारे पाणी फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनियाला निमित्त होते. ठसका लागला तर निदान उमजते तरी. कित्येकांना तोही लागत नाही.

तथापि हा दोष बहुधा कायमचा नसतो. मँचेस्टर येथील शाहीन हम्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात दाखवून दिले की, गिळण्याचा अंमल मेंदूच्या दोन्ही गोलार्धांकडे, परंतु विषम प्रमाणात, असतो. वरचढ बाजू जायबंदी झाली तरी शाबूत बाजू हळूहळू तो कारभार हाती घेते. पुनर्वसनाचा पाया हाच. क्ष-किरणांखाली बेरियममिश्रित घास गिळवून दोष नेमका कोठे आहे हे पाहण्याची रीत अमेरिकेतील जेरी लोगमन यांनी रूढ केली. त्यानुसार कोणाला हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्यास, कोणाला वर आलेले स्वरयंत्र क्षणभर तसेच धरून ठेवण्यास, तर कोणाला उताणे निजून, खांदे न उचलता, केवळ डोके उचलून पायांच्या बोटांकडे पाहण्यास शिकवतात. एकाचा व्यायाम दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

हे काम वाचा-उपचारतज्ज्ञाचे. अशा तज्ज्ञांचे भारतातील पहिले शिक्षण मुंबईच्या नायर रुग्णालयात 1963 मध्ये सुरू झाले. तरीही हातापायांच्या मालिशीसाठी पदरमोड करणारी आपली कुटुंबे घशालाही व्यायाम असतो हे जाणत नाहीत, याचा दोष मी त्यांच्यापेक्षा, घरी धाडताना ‘नळीने आहार’ एवढाच शेरा मारणाऱ्या वैद्यकव्यवस्थेला अधिक देईन.

दुधात कुस्करलेली भाकरी आपल्याला मऊ वाटते. पण पातळ दूध आणि त्यातले तुकडे अशी दुहेरी वस्तू या घशाला झेपत नाही. त्यापेक्षा एकजीव घोटलेले घट्ट वरण किंवा दही बरे, तेही तपासणीनंतरच, रुग्णाला ताठ बसवून, लहान चमच्याने. मुखाची स्वच्छता राखावी, कारण तेथील जंतूच लाळेबरोबर फुप्फुसात जातात. (मिश्री लावणाऱ्या आजीबाईंना हे पटवणे अंमळ कठीण!)

तेव्हा बीडच्या जिल्हा रुग्णालयातून किंवा अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातून रुग्णाला घरी आणताना तीन गोष्टी लेखी मागून घ्या: अन्न किती घट्ट, बसवायचे कसे, आणि नळीची फेरतपासणी केव्हा. आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत गोळी, चहा वा तीर्थाचा थेंबही मुखी घालू नका.