विद्युत मोटार आणि श्रावकाचा विवेक

नव्या मोटारीचा विषय घरात निघाला, की आजकाल विजेवर चालणाऱ्या गाडीचे नाव येतेच. आणि पाठोपाठ ठरलेले आक्षेपही येतात. ती श्रीमंतांची हौस आहे, वाटेत चार्ज संपला तर मुलाबाळांसह रस्त्यावर उभे राहावे लागेल, बॅटरी बदलताना नव्या गाडीइतके पैसे जातील.

या समजुती अगदीच निराधार नाहीत. २००१ साली बंगळूरहून बाजारात आलेली ‘रेव्हा’ ही इवलीशी गाडी एका चार्जमध्ये जेमतेम ८० किलोमीटर जाई. लोक तिच्याकडे कौतुकाने पाहत. विकत घेणारे मात्र थोडेच. २०२० मध्ये टाटांची ‘नेक्सॉन’ विद्युत रूपात आली आणि चित्र पालटू लागले. आता अनेक कंपन्या बॅटरीची आठ वर्षांची हमी देतात.

तरी ही गाडी घेतो कोण, हा प्रश्न उरतोच. नॉर्वेमध्ये १९९० पासून करसवलती मिळू लागल्या. तेथेही आरंभीचे ग्राहक बहुधा सुशिक्षित, सधन आणि घरी आधीच एक मोटार असलेले होते. २०२४ मध्ये मात्र तेथील दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विद्युत होत्या. भारतात अजून स्वतःची पार्किंगची जागा आणि जवळ विजेची जोडणी असणाऱ्यालाच ही गाडी सोयीची ठरते. एका युनिटमध्ये ती साधारण सहा-सात किलोमीटर धावते. म्हणजे रोज ठरावीक मार्गावर फिरणाऱ्या लहान व्यापाऱ्याची बचत मोठी. पण आरंभीची जादा किंमत नेमकी त्यालाच जड जाते.

जैन कुटुंबापुढे हिशेबापलीकडचा प्रश्नही आहे. धूर न सोडणारे वाहन अहिंसेला जवळचे वाटते, यात नवल नाही. परंतु महाराष्ट्रातील बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी यांसारख्या केंद्रांत कोळसा जाळूनच तयार होते. काही प्रकारच्या बॅटऱ्यांना लागणारे कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येते, आणि तेथील काही खाणींत लहान मुलेही राबतात. घराच्या छतावर सौरऊर्जा असेल आणि बॅटरी कोबाल्टविरहित लोह-फॉस्फेटची असेल, तर हा दोष कमी होतो. नाहीसा होत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पहाटे विहार करणाऱ्या साधु-साध्वींना मागून येणाऱ्या वाहनाची चाहूल आवाजानेच लागते. विद्युत गाडी मंद वेगात जवळजवळ निःशब्द असते. युरोपीय संघात २०२१ पासून प्रत्येक नव्या विद्युत मोटारीला मंद वेगात सूचक आवाज सक्तीचा आहे. ईर्यासमितीचे पालन मुनी करतातच; चालकानेही तितकेच सावध असावयास हवे.

खरी कसोटी परिग्रह-परिमाण व्रताची आहे. जुन्या पेट्रोल गाडीच्या जागी विद्युत गाडी आली, तर हिंसा काही अंशी घटते. दोन गाड्यांच्या शेजारी तिसरी म्हणून ती उभी राहिली, तर केवळ परिग्रह वाढतो, आणि पर्यावरणाचे नाव त्यावर पांघरूण ठरते. एका चार्जमध्ये गाडी किती लांब जाईल, याची चिंता सारेच करतात. दिग्व्रत घेणारा श्रावक मात्र आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा स्वतःच आखतो. तोच विचार खरेदीआधी झाला, तर कोणती गाडी घ्यावी याच्या आधी, ती हवीच आहे का, याचे उत्तर घरातच मिळेल.