बंदुकीची सफाई : घासलेट, पेट्रोल व सावधगिरी

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीच्या तालुक्यांत रानडुकरे व वानरे यांच्या उपद्रवामुळे काही बागाइतदारांच्या घरी पीकसंरक्षणाची परवान्याची बंदूक असते. ती क्वचितच वाजते. परंतु समुद्राची खारी हवा व पावसाळ्यातील ओल तिला सतत खात असते. यास्तव सफाई अवश्य हवी. मात्र ज्या द्रवाने मळ सुटतो, त्यानेच घरास आगही लागू शकते, इकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

प्रथम नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी खात्री करावी व काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावी. पेट्रोल कदापि वापरू नये. शून्याखाली सुमारे ४० अंशांवरही त्याची वाफ पेट घेऊ शकते. शिवाय ती हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत किंवा देवापुढील निरांजनापर्यंत जाते. घासलेट सुमारे ३८ अंशांपुढे तसेच धोक्याचे होते, आणि वैशाखात उन्हातला डबा इतका सहज तापतो. म्हणून काम सकाळी, उघड्या पडवीत, विडी व दिवा दूर ठेवून करावे. घासलेट वाटीभरच घ्यावे.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. काळ्या दारूच्या मळातील पोटॅशचे क्षार घासलेटात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. त्या नळीस प्रथम कढत पाणी, मग कोरडी चिंधी व शेवटी तेल, हाच क्रम योग्य होय. एके वर्षी आम्ही आमची काडतुसाची बंदूक घासलेटाने लख्ख पुसली, पण तेल लावावयाचे राहिले. गणपतीच्या सुमारास पाहतो तो नळी आतून तांबूस! घासलेट मळाबरोबर जुने तेलही नेते, हे तेव्हा ध्यानी आले.

दस्त्यास जवसाचे तेल लावल्यावर चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. तो आपोआप तापून पेटतो. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्या. उरलेले घासलेट वाडीच्या विहिरीजवळ ओतू नये. मळात शिसे असते, यास्तव जेवणापूर्वी हात साबणाने धुवावे.

शेवटी एक स्मरण. शस्त्राचा परवाना १९५९ च्या कायद्याने मिळतो. परंतु रानडुकराच्या शिकारीस १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये निराळी परवानगी लागते. ती घेतल्यावाचून बंदूक कितीही स्वच्छ असली तरी रानडुकरावर चालवू नये, अशी आमची वाचकांस विनंती आहे.